पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे मोजमाप

मनुष्यदेहातील पेशी ज्या द्रव्यांच्या आधारे आपापल्या स्थानी दृढ राहतात, त्यांपैकी फायब्रोनेक्टिन हे प्रथिन रक्तातही वाहते आणि पेशींच्या पृष्ठभागावरही आढळते. ते मोजण्यासाठी प्रयोगशाळांत आज जी तयार किटे येतात, त्यांचा पूर्वेतिहास मात्र एका निराळ्याच द्रव्यापासून, इन्शुलिनपासून सुरू होतो.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील, माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी इस्पितळात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना, इन्शुलिन टोचून घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात त्या इन्शुलिनला बद्ध करणारी प्रतिपिंडे आढळली. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड निर्माण होणे अशक्य, अशी तत्कालीन विद्वानांची समजूत इतकी पक्की होती की, १९५६ साली निबंध छापून येण्यापूर्वी त्याच्या शीर्षकातून तो शब्दच गाळावा लागला. त्याच बंधनशक्तीला किरणोत्सर्गी आयोडीनची जोड देऊन त्यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची रीत सिद्ध केली. आणि तिची सनद मिळवून मक्तेदारी स्थापण्याचा मार्ग मोकळा असताना त्यांनी तो नाकारला, हे मला त्या शोधाइतकेच थोर वाटते. यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा बर्सन यांना निवर्तून पाच वर्षे झाली होती.

किरणोत्सर्गी द्रव्याचे तेज काळाबरोबर ओसरते आणि ते बाळगण्यास परवाना लागतो. या दोन अडचणींवर १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल व पेटर पेर्लमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हॉलंडमध्ये व्हान वेमेन व स्क्यूर्स यांनी, आयोडीनच्या जागी एन्झाइम योजून तोड काढली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत प्लास्टिकच्या प्लेटमधील ९६ खळग्यांत अगोदरच बसवलेले प्रतिपिंड नमुन्यातील प्रथिन पकडते, एन्झाइम जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्यावर येऊन बसते, आणि उमटणारा रंग ज्ञात मात्रेच्या द्रावणांशी ताडून आकडा काढला जातो. ही ताडणी शिथिल असेल, तर त्या आकड्याला काडीचीही किंमत नाही. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच वंशाच्या पेशींपासून एकसारखी प्रतिपिंडे सतत मिळवण्याची युक्ती काढल्यावर एका किटाचा गुण दुसऱ्या किटात टिकवणे सुकर झाले.

या इतिहासातील मला सर्वांत रम्य वाटणारा भाग असा, की एंगवाल स्वतःच पुढे एर्की रुओस्लाहती यांच्यासमवेत फायब्रोनेक्टिनच्या अभ्यासाकडे वळल्या, आणि ते कोलॅजनला बांधले जाते हे दोघांनी १९७७ साली दाखवले. त्यानंतर १९९१ साली चार्ल्स लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गर्भवेष्टन व गर्भाशय यांच्या सांध्यावर असणाऱ्या भ्रूणीय फायब्रोनेक्टिनचा अंश योनिस्रावात मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमहून अधिक आढळला, तर अकाली प्रसूतीचा संभव वाढतो, असे प्रसिद्ध केले. तथापि या चाचणीची खरी किंमत नकारात्मक उत्तरात आहे. कारण वेळेपूर्वी कळा येऊ लागलेल्या स्त्रीच्या स्रावात हे प्रथिन न आढळल्यास, पुढील एक-दोन आठवड्यांत प्रसूती होण्याचा संभव फारच अल्प उरतो, आणि तिला इस्पितळात ठेवून घेण्याचे किंवा औषधे देण्याचे कारण बहुधा राहत नाही.