पडझडीची तालीम

ढिगाऱ्यातून जिवंत माणूस बाहेर काढण्याची विद्या ठाणे जिल्हा बराच काळ ढिगाऱ्यावरच शिकत आला. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये बेकायदा बांधली जात असलेली सात मजली इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. 28 जुलै 2015 ला ठाकुर्लीची ‘मातृछाया’ पडली, नऊ जण गेले. आठवडाभरात, 4 ऑगस्टला, ठाण्यात बी केबिनजवळची ‘कृष्णा निवास’ लोक झोपेत असताना बसली, बारा गेले. प्रत्येक वेळी सगळ्यात आधी धावले ते शेजारी, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर आणि त्यांच्या पाठोपाठ अग्निशमन दल. कुठे हात घालावा आणि कुठे घालू नये, कुठला स्लॅब उचलला तर खालचा माणूस वाचेल आणि कुठला हलवला तर तोच चेंगरेल, याचा निर्णय त्यांना तिथेच, अंधारात आणि आरडाओरड्यात घ्यावा लागला.

हा निर्णय आधी शिकून ठेवता येतो. त्यासाठी जगभर मुद्दाम पाडलेली घरे, तिरपे रचलेले स्लॅब, काळोखे बोगदे आणि धुराने भरलेल्या खोल्या बांधून ठेवलेल्या असतात. सैनिकांसाठी तर अख्खी खोटी गावे उभी केलेली असतात. या खोट्या पडझडीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली काही पाने महाराष्ट्रातलीच आहेत.

तिचा सगळ्यात जुना नमुना आपण रोज पाहतो, फक्त ओळखत नाही. जुन्या अग्निशमन केंद्राच्या आवारात एक उंच, अरुंद मनोरा असतो. त्याला खिडक्या असतात, पण आत कुणी राहत नाही. हा ड्रिल टॉवर. हुकाची शिडी एका खिडकीत अडकवायची, वर चढायचे, तिथून तीच शिडी वरच्या खिडकीत अडकवायची, आणि उतरताना खांद्यावर एक ‘जखमी’ घेऊन यायचे. चाळींच्या आणि तीन-चार मजली घरांच्या काळाला हा सराव पुरेसा होता. आग लागते, माणूस वर अडकतो, त्याला खाली आणायचे, एवढेच संकट त्या मनोऱ्याला ठाऊक होते. इमारत उभीच राहणार हे त्यात गृहीत होते.

हे गृहीतक मोडले दुसऱ्या महायुद्धाने. 1940-41 मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा पडलेल्या घरातून माणसे काढणारी पथके लागली. ब्रिटिशांनी या पथकांत भरले ते मुख्यतः इमारत बांधणारे कामगार. तुळई कशावर टेकते आणि भिंतीचा भार कुठे जातो, हे ज्याला माहीत, त्यालाच पडलेल्या घरात पोकळी कुठे उरली असेल याचा अंदाज येतो. शोध-बचावाचे आजचे शास्त्र या साध्या जाणिवेवर उभे आहे. मुंबईला युद्धकाळाचा धडा 14 एप्रिल 1944 रोजी मिळाला. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर आजही 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. जहाजात कापसाबरोबर दारूगोळाही होता. अशा मालाच्या आगीची रंगीत तालीम त्या जवानांना कुठल्याही मनोऱ्याने दिली नव्हती.

त्याच युद्धात सैनिकांसाठी खोटी ठिकाणे उभी राहू लागली. इंग्लंडमध्ये विल्टशायरमधल्या इंबर गावाला 1943 च्या नोव्हेंबरात सांगितले गेले की डिसेंबरात घरे रिकामी करा. अमेरिकी फौजांना युरोपातल्या गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव करायचा आहे. गावकरी गेले ते कायमचे. खरे गाव सरावाचे गाव झाले. महाराष्ट्रात नेमके उलटे घडले. खडकवासल्याच्या तलावाच्या उत्तर काठावर तिन्ही दलांच्या संयुक्त प्रशिक्षणाचे केंद्र होते, आणि तिथे सैनिकांना किनाऱ्यावर उतरवण्याच्या सरावासाठी एक खोटे जहाज बांधलेले होते. त्याला नावही खऱ्या युद्धनौकेसारखे होते, ‘एचएमएस अँगोस्टुरा’. पुण्याच्या तलावाकाठी, समुद्रापासून घाटाच्या पल्याड, जवान या न हलणाऱ्या जहाजावरून उतरत. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा निवडताना हे तयार केंद्र विचारात घेतले गेले. म्हणजे देशाच्या एका मोठ्या लष्करी शाळेच्या पूर्वजांत एक खोटे जहाज आहे.

कल्याणच्या वाट्याला याच युद्धातून एक अख्खे शहर आले. कल्याणजवळ लष्कराने मुक्कामाची छावणी बांधली. बराकी, रस्ते, पाण्याच्या टाक्या सगळे सैन्याच्या शिस्तीत. जवळच नेवाळीला धावपट्टी झाली. युद्ध संपले, फाळणी झाली आणि त्या बराकींत सिंधी निर्वासितांची कुटुंबे येऊन राहिली. 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर झाले. कॅम्प नंबर एक ते पाच हे पत्ते अजून चालतात. तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या भिंतींमध्ये लोकांनी कायमचे संसार थाटले, वर मजले चढवले. पुढच्या पिढीतल्या पडझडीची काही बीजे अशा घाईने वाढलेल्या वस्त्यांमध्येच आहेत, आणि ही गोष्ट एकट्या उल्हासनगरची नाही.

स्वातंत्र्यानंतर या विद्येचे केंद्र नागपूरला गेले. 1956 मध्ये रामपूरला सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय पुढच्याच वर्षी तिथे आले. त्याच 1957 मध्ये केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था निघाली. 1968 मध्ये नागरी संरक्षण कायदा झाला आणि ही संस्था राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली. चीन आणि पाकिस्तानच्या युद्धांच्या छायेत शिकवण्याचा भर साहजिकच हवाई हल्ल्यावर होता. दोरी, शिडी, स्ट्रेचर, सायरन, अंधारबंदी. 1971 नंतर हल्ल्याची धास्ती ओसरली आणि शहरांतले नागरी संरक्षण कागदावर सरकत गेले. 7 मे 2025 रोजी देशभर ‘ऑपरेशन अभ्यास’ झाले तेव्हा कित्येक डोंबिवलीकरांनी युद्धाचा सायरन आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

दरम्यान विद्या बदलली ती भूकंपांमुळे. 1993 च्या किल्लारीने आणि 2001 च्या भुजने दाखवले की आपल्याकडे माणसे भरपूर धावतात, पण ढिगाऱ्यात आत शिरण्याची रीत कुणाला येत नाही. अमेरिकेच्या मदतीने आशियाई देशांसाठी एक प्रशिक्षण कार्यक्रम 1998 पासून चालला होता. कोसळलेल्या इमारतीतून शोध-बचाव करण्याचा त्याचा अभ्यासक्रम भारतातही पोचला. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर 2006 मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. शीळफाटा असो वा महाड, आपल्या भागात मोठी इमारत पडली की नारिंगी गणवेशातले जे जवान येतात ते बहुधा तिथले.

या जवानांचे काम पाहिले तर सरावाचे मोल कळते. पहिली गोष्ट म्हणजे शांतता. सगळी यंत्रे बंद करायची, ढिगाऱ्यावर ठराविक अंतरावर उभे राहायचे, एकाने हाक मारायची, बाकीच्यांनी ऐकायचे. मग स्लॅबला छोटे भोक पाडून आत कॅमेरा सोडायचा. कापत जाताना वरचा भार खाली येऊ नये म्हणून लाकडी ठोकळ्यांची आडवी-उभी चवड रचत जायची. शोधून झालेल्या भागावर रंगाने चौकोन काढून कोणते पथक कधी आत गेले, किती जिवंत, किती मृत, हे लिहायचे, म्हणजे मागून येणारा तेच पुन्हा खोदत बसत नाही. यातली एकही गोष्ट अवघड नाही. पण शेकडो नातेवाईक रडत असताना यंत्र बंद करा असे सांगण्याचे धाडस आधीच्या सरावाशिवाय येत नाही. ऑगस्ट 2020 मध्ये महाडच्या ‘तारिक गार्डन’च्या ढिगाऱ्यातून चार वर्षांचा मुलगा सुमारे 19 तासांनी जिवंत निघाला, तो अशाच धीराच्या कामामुळे.

कमांडोंची वाट वेगळी, पण तत्त्व तेच. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या दहशतवादी हल्ल्यानंतर युरोपात दहशतवादविरोधी पथके निघाली आणि खोल्याखोल्यांतून खरी गोळी चालवून सराव करण्याची घरे बांधली गेली. 1980 मध्ये लंडनच्या इराणी वकिलातीत शिरण्याआधी ब्रिटिश कमांडोंनी लाकडी चौकटी आणि गोणपाटाची तशीच वकिलात उभारून पाहिली. 1984 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या एनएसजी या कमांडो दलाने या परंपरेचा धडा घेतला. तरी नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात ताजमहाल हॉटेलात आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या कमांडोंना आतली रचना लढता लढताच समजून घ्यावी लागली. त्यानंतर मुंबईत एनएसजीचे केंद्र झाले, महाराष्ट्राने स्वतःचे ‘फोर्स वन’ पथक उभे केले, आणि पुण्याच्या औंधमध्ये परदेशी सैन्यांबरोबर निमशहरी भागातल्या कारवाईचे संयुक्त सराव होऊ लागले. मार्च 2023 मध्ये आफ्रिकी देशांचे जवान तिथे येऊन गेले.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत अशा सरावाच्या जागी दिसते ती मॉक ड्रिल. तिचा उगम भोपाळमध्ये आहे. 1984 च्या वायुगळतीनंतर घातक रसायनांविषयी 1989 चे नियम झाले, आणि त्यांत कारखान्याने दर सहा महिन्यांनी आपत्कालीन योजनेची तालीम करावी असे आले. डोंबिवली एमआयडीसीच्या कामगाराला ती परिचित आहे: भोंगा वाजतो, सगळे एका ठिकाणी जमतात, हजेरी होते, बंब येतो. तिचा उपयोग नाकारू नये. कोणाला फोन करायचा, फाटक कोण उघडणार, रुग्णवाहिका कुठे उभी राहणार, हे तिच्यामुळे पक्के होते. पण वेळ आधी ठरलेली असते, धूर नसतो, आणि तिच्यात कुणी चुकत नाही. 26 मे 2016 ला ‘प्रोबेस’चा स्फोट झाला, बारा जण गेले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. 23 मे 2024 ला ‘अमुदान’मध्ये पुन्हा तेच झाले आणि दहाहून अधिक जण गेले. 1989 च्या नियमांना तेव्हा पस्तीस वर्षे होत आली होती.

सरावाच्या मैदानाचा खरा उपयोग चुकता येणे हा आहे. तिथे चुकीचा स्लॅब उचलला तर खाली पुतळा असतो. पुन्हा करता येते. खऱ्या संकटात ती मुभा नसते. 1 नोव्हेंबर 2018 रोजी कल्याण पूर्वेत नेतिवलीच्या एका विहिरीत उतरलेले तिघे गुदमरले आणि त्यांना काढायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही गेले. बंदिस्त जागेतला वायू दिसत नाही, वासही दर वेळी येत नाही. श्वसनयंत्र लावून, दोर बांधून, वर माणूस उभा करून अरुंद जागेत उतरण्याचा सराव महिन्याला व्हायला हवा, आणि तो करायला एक कोरडी विहीर बांधलेली हवी.

ठाण्याने एक पाऊल टाकले. एनडीआरएफच्या धर्तीवर महापालिकेने स्वतःचे आपत्ती प्रतिसाद दल, टीडीआरएफ, उभारले. महाडला ते गेले, सप्टेंबर 2020 मध्ये भिवंडीच्या जिलानी इमारतीच्या ढिगाऱ्यावर ते होते, जुलै 2023 मध्ये दरड कोसळलेल्या इर्शाळवाडीच्या डोंगरावरही ते चढले, जिथे यंत्रे पोचूच शकत नव्हती. म्हणजे माणसे आहेत आणि अनुभवही आहे. कमी आहे ती घराजवळच्या तालमीच्या जागेची.

ती जागा कशी असावी, याचे उत्तर टेक्सासमध्ये नाही. तिथली ‘डिझास्टर सिटी’ 52 एकरांची आहे. तिच्यात पडलेले चित्रपटगृह आहे, घसरलेली आगगाडी आहे. आपल्या जागेत आपली पडझड हवी. गंजलेल्या सळ्यांचा, एकावर एक बसलेला स्लॅबचा थर. जिथे मोठे क्रेन वळूच शकत नाही अशी गल्ली. मे 2025 मध्ये कल्याण पूर्वेत झाले तसे, वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या प्रत्येक मजल्याला घेऊन तळाशी आलेले घर. एक विहीर, एक रसायनाची टाकी, लोकलचा एक जुना डबा. जागा दोन-तीन एकर पुरेल.

सामान तर शहरातच पडून आहे. दर पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक इमारतींची यादी काढतात आणि त्या रिकाम्या करून पाडतात. क्लस्टर पुनर्विकास योजनेत किसननगरसारख्या वस्त्यांतल्या इमारती उतरवल्या जाणार आहेत. अशा इमारतीत सरावासाठी शिरणे धोक्याचे. पण तिचे स्लॅब, कॉलम, जिने अभियंत्यांच्या देखरेखीखाली मैदानावर नेऊन पक्के रचता येतात. आणि रचताना लंडनचा 1940 चा धडा आठवावा: सेंटरिंगवाले, गवंडी, पाडकामाचे कारागीर यांना शिक्षक म्हणून बोलवावे. इमारत पडली की पहिल्या तासात ढिगाऱ्यावर तेच असतात.

एनडीआरएफच्या तुकड्या पावसाळ्यात मुंबई परिसरात आणून ठेवतात, तरी पहिला तास नेहमीच स्थानिकांचा असतो. ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी या महापालिकांनी मिळून एक मैदान बांधले तर प्रत्येकीवर खर्चाचा थोडाच भार येईल. उद्घाटनाची फीत एकदाच कापावी लागेल. स्लॅब मात्र दर महिन्याला कापले जावेत, एवढी एकच अट नगरसेवकांनी अंदाजपत्रकात लिहून घ्यावी.