लाखाची गाडी

नॅनो का चालली नाही, हा विषय परवा टपरीवर निघाला. सगळ्यांचं एकच, गाडी पेट घ्यायची. काहींनी घेतला पेट, नाकारत नाही. पण मला २००९ आठवतं. मी तेव्हा तालुक्याचा बातमीदार. देशभरात दोन लाखांवर बुकिंग झालं होतं. आणि गाड्या कुठून येणार? आंदोलनामुळे सिंगूरचा प्रकल्प ऑक्टोबर २००८ मध्येच सोडावा लागला, साणंदचा कारखाना सुरू झाला जून २०१० मध्ये. तोवर पंतनगरहून थोड्या थोड्या निघायच्या, त्याही सोडत काढून वाटलेल्या.

पण खरी गोची वेगळीच. पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहून ही गाडी सुचली, असं रतन टाटा सांगत. हेतू नेक. आम्ही पेपरवाल्यांनी मात्र 'लाखाची गाडी' म्हणून इतका ढोल पिटला की तेच तिचं आडनाव झालं. ओळखीच्या एका गुरुजींनी बुकिंग रद्द केलं. का, तर व्याही हसतील! नंतर त्यांनी जुनी मारुती ८०० घेतली. आपल्याकडे गाडी नुसती बसायला नसते हो, दारात उभी करायलाही असते. स्वस्त म्हणून विकणं चुकलं, हे टाटांनीही पुढे कबूल केलं. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख; सगळ्यात चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, खपल्या पाऊण लाखाच्या आसपास. जून २०१८ मध्ये अख्ख्या महिन्यात एकच गाडी बनली.

माझ्या कात्रणवहीत माझाच मथळा अजून आहे, 'आता स्कूटरच्या भावात कार'.