डायलिसिसच्या खाटेवरील चार तास आणि संगीत

‘अमुक राग रोज ऐका, मूत्रपिंड पूर्ववत होईल’ अशा आशयाचे संदेश अधूनमधून फिरत असतात. दुसरीकडे, डायलिसिसवरील रुग्णांना संगीत ऐकविल्याने त्यांची चिंता कमी होते असे सांगणारे गंभीर संशोधनही प्रसिद्ध होत आहे. वाचणारा दोन्ही एकाच विश्वासाने वाचतो आणि तेथेच घोटाळा होतो. पहिल्या संदेशावर भिस्त ठेवून एखाद्याने डायलिसिसची पाळी चुकवली, तर त्याच्या रक्तात पोटॅशियम साठते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून या दोन गोष्टी कोठून आल्या, हे इतिहासात जाऊन पाहणे आवश्यक वाटते.

आपल्याकडे शरीर आणि स्वर यांचा विचार एकत्र झाला, याचा एक पुरावा महाराष्ट्रातच आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्तीचे प्रकरण आहे: गर्भ कसा वाढतो, नाड्या कोणत्या, चक्रे कोठे. गाण्याच्या ग्रंथात ही शरीररचना कशासाठी, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडेल. नाद देहातून उपजतो, तेव्हा आधी देह समजून घ्यावा, हा ग्रंथकाराचा हेतू. पुढे रागांना रस, ऋतू आणि प्रहर जोडलेले आढळतात. मात्र या प्रकरणात अमुक व्याधीला अमुक राग अशी औषधयोजना नाही. आज प्राचीन म्हणून ज्या याद्या पुढे केल्या जातात, त्यांना या ग्रंथाचे नाव चिकटविणे शार्ङ्गदेवावर अन्याय करणारे आहे.

आता झाशीकडे वळू. संगीताच्या नकाशावर हे शहर मोठ्या शेजाऱ्यांमध्ये बसले आहे. शंभरेक किलोमीटरवर ग्वाल्हेर, जेथे राजा मानसिंह तोमराच्या आश्रयाने ध्रुपद बहरले. त्याहून जवळ दतिया, जेथील दरबारात पखावजी कुदौसिंहांनी नाव मिळवले. खुद्द झाशीत गंगाधरराव नेवाळकरांची नाटकशाळा होती आणि मोठा ग्रंथसंग्रह होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या वेढ्यात तेथेच अडकले होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मधून त्या मराठी संस्थानाच्या वैभवाचे आणि नंतरच्या लुटीचे जे चित्र उभे राहते, ते आजही अस्वस्थ करते.

ग्वाल्हेरची गायकी मात्र दक्षिणेत पोहोचली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती वासुदेवबुवा जोशींकडून घेतली आणि मिरजेस त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. पलुसकर गाण्याकडे वळले ते एका दुखापतीमुळे. लहानपणी दारूकामाच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. उपचारांसाठी मिरजेस आणले, तेव्हा दृष्टी पूर्ववत होणार नाही हे ओळखून डॉक्टर भडभडे यांनी त्यांना संगीत शिकण्याचा सल्ला दिला, असे त्यांच्या चरित्रांत येते. संगीताने डोळे बरे झाले नाहीत. परंतु १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारा माणूस त्या सल्ल्यातून घडला. औषधाची हद्द संपते तेथे संगीत काय करू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. मुसोलिनीला पूरिया ऐकवून झोप आणल्याची पंडित ओंकारनाथ ठाकूरांची कथा याहून अधिक लोकप्रिय आहे, पण आख्यायिका आणि चाचणी यांतील अंतर ती भरून काढत नाही.

डायलिसिसचा इतिहास अगदी वेगळ्या वाटेने आला. झाशी पडल्यानंतर तीनच वर्षांनी, १८६१ मध्ये, स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी पातळ पडद्यातून विरघळलेले पदार्थ वेगळे करण्याच्या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. माणसावरचा पहिला प्रयोग जर्मनीत गेओर्ग हास यांनी १९२४ मध्ये केला. खरे यंत्र उभे राहिले ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील काम्पेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळली. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून जागी झाली आणि यंत्राची उपयुक्तता सिद्ध झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोल्फ यांचे रुग्ण बहुधा शुद्धीवर नसत आणि उपचारही थोड्या दिवसांचा असे. अशा खाटेशेजारी संगीताचा विचार कोणाच्या मनात येणार? ती गरज निर्माण झाली १९६० मध्ये. सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी रुग्णाच्या हातात कायमची बसवली आणि तोच रुग्ण पुन:पुन्हा यंत्रावर येऊ लागला. त्यांचे पहिले रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगले. १९६६ मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करण्याची पद्धत मांडली. आज बहुसंख्य रुग्णांच्या हातावर जी थरथरणारी जागा लागते, ती हीच. मरण टळले, पण त्याच्या जागी एक नवे, आजवर कोणी न भोगलेले जगणे आले: पूर्ण जागे राहून, दोन जाड सुया टोचलेला हात न हलवता, आठवड्यातून तीनदा चार-चार तास पडून राहण्याचे. वर्षाला ६२४ तास, म्हणजे सव्वीस अहोरात्र. आपल्या देशात पैशांअभावी अनेक जण आठवड्यात दोनच वेळा येतात. २०१६ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम गरिबांना विनामूल्य सेवा देण्यासाठी आहे, तरी प्रवास आणि बुडालेली मजुरी शिल्लक राहतेच.

संगीतोपचार हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आकारास आला तोही याच सुमारास. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अमेरिकन रुग्णालयांत वादक येऊ लागले आणि १९५० मध्ये तेथे या उपचारकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. डायलिसिस कक्षातील प्रयोग त्यानंतर बरेच उशिरा आले. इटलीत फ्रान्सेस्को बुराई व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिस चालू असताना रुग्णांपुढे प्रत्यक्ष सॅक्सोफोन वाजवून वेदना, मनःस्थिती आणि खाज यांवर होणारा परिणाम मोजला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खाज हा शब्द क्षुल्लक वाटेल, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाची झोप तीच हिरावते. तुर्कस्तान, इराण, तैवान येथेही चाचण्या झाल्या. एकत्रित पाहता चिंता आणि सुई टोचतानाची वेदना कमी होते, याला बऱ्यापैकी आधार मिळतो. मात्र गट लहान असतात, काळ काही आठवड्यांचा असतो, आणि संगीत ऐकतो आहोत हे रुग्णापासून लपविता येत नाही. क्रिएटिनिन संगीताने उतरत नाही. आयुष्य वाढते, असेही या चाचण्या सांगत नाहीत.

कोणते संगीत, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: रुग्ण सांगेल ते. झाशीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो आणि डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते. घसा कोरडा पडलेल्या मऊरानीपूरच्या शेतकऱ्याला दरबारी कानडा हवाच असेल, असे नाही. त्या भागातल्याच ईसुरीच्या फागा किंवा पावसाळ्यात ढोलकीवर गायले जाणारे आल्हा त्याच्या कानांत लहानपणापासून आहेत. शहरातील एखाद्या जुन्या मराठी घरातील आजींना अभंग हवे असतील, तर त्यांच्या नातवाला चित्रपटगीते. गायक प्रत्यक्ष आणता आला तर उत्तमच, नाही तर मोबाइल पुरे.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. फिस्टुलाचा हात स्थिर राहिला पाहिजे, म्हणून ताल धरायचा तो दुसऱ्या हाताने किंवा पायाने. रक्तदाब एकाएकी उतरू लागला की रुग्णाला ते आधी जाणवते आणि त्याने परिचारिकेला हाक द्यायची असते. डोळे मिटून गाण्यात बुडालेल्या रुग्णाकडे म्हणूनच अधिक वेळा पाहावे लागते. एकाचे हेडफोन दुसऱ्याला देण्यापूर्वी पुसावेत. आवाज बेताचा हवा आणि एक कान मोकळा ठेवावा, म्हणजे यंत्राची घंटा वाजली तर ती ऐकू येते.