दाभोळचा वीजकरार : शासकीय खरेदीचे नियम आणि आंतरराष्ट्रीय करारांचे बंधन

वाशिष्ठी नदीच्या मुखाशी उत्तर तीरावर दाभोळ हे प्राचीन बंदर आहे, तर दक्षिण तीरावर गुहागर तालुक्यातील अंजनवेल. गेल्या शतकाच्या अखेरीस ज्या वीजप्रकल्पाने रत्नागिरी जिल्ह्याचे नाव जगभर पोहोचविले तो उभा राहिला अंजनवेलच्या बाजूस. नाव मात्र त्याने दाभोळचे घेतले. या प्रकल्पाची चर्चा आजवर बहुधा विजेचा दर, पर्यावरण व पक्षीय राजकारण या अंगांनी झाली. शासकीय खरेदीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून त्याचे अवलोकन केले असता निराळाच प्रश्न उपस्थित होतो. खरेदीच्या वेळी जी पद्धत पाळली गेली नाही, तिच्या अभावाचा आधार पुढे करार मोडताना शासनास कितपत घेता येतो?

१९९१ साली विद्युतनिर्मितीचे क्षेत्र खाजगी भांडवलास खुले झाले. त्यानंतर लवकरच, २० जून १९९२ रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ व अमेरिकेतील एन्रॉन कंपनी यांच्यात सामंजस्याचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. १९९३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने प्रकल्पास अर्थसाहाय्य नाकारले. आयात केलेल्या द्रवरूप वायूवरील एवढी वीज राज्यास परवडणार नाही, असे तिचे मत होते. तथापि ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा करार झालाच. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या तीन कंपन्यांनी स्थापिलेली दाभोळ वीज कंपनी ही विक्रेती आणि विद्युत मंडळ हे एकमेव ग्राहक. देयकांस राज्य शासनाची हमी होती व पहिल्या टप्प्यापुरती तिच्यामागे केंद्राची प्रतिहमीही होती. वाद उद्भवल्यास तो लंडन येथील लवादापुढे नेण्याची तरतूद होती.

निविदा न मागविण्यात आंतरराष्ट्रीय कराराचा भंग झाला होता काय? तसे म्हणता येत नाही. १९४७ च्या जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण कराराने शासनाच्या स्वतःच्या उपयोगासाठी होणारी खरेदी समान वागणुकीच्या तत्त्वातून वगळली होती. शासकीय खरेदीचे स्वतंत्र करार १९७९ व १९९४ साली झाले. परंतु ते स्वीकारणाऱ्या राष्ट्रांपुरतेच बंधनकारक होते आणि भारताने ते स्वीकारले नाहीत. २०१० पासून भारत तेथे केवळ निरीक्षक आहे. अर्थात् निविदेचा नियम हा सर्वस्वी देशांतर्गत शिस्तीचा विषय होता.

१९९५ साली राज्यात सत्तांतर झाले. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्पर्धेचा अभाव व वाटाघाटींतील गुप्तता यांवर आक्षेप घेतले आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. कंपनीने लवादाची वाट धरली. शासन मुंबई उच्च न्यायालयात गेले. परंतु काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन १९९६ मध्ये सुधारित करार अस्तित्वात आला. तोही निविदांवाचूनच. जो आक्षेप प्रकल्प रद्द करण्यास पुरेसा मानला गेला, तो या दुसऱ्या स्वाक्षरीने शासनाने स्वतःच दुबळा केला.

दरम्यान आंतरराष्ट्रीय कायद्याची परिस्थिती पालटत होती. १९९४ साली ब्रिटनशी करार करून भारताने परकीय गुंतवणुकीच्या संरक्षणाचे द्विपक्षीय करार करण्यास प्रारंभ केला. मॉरिशसशी झालेला १९९८ चा करार २००० साली अंमलात आला. २००१ च्या मे महिन्यात, कंपनीने उपलब्ध क्षमता चुकीची घोषित केल्याचे कारण देऊन विद्युत मंडळाने खरेदीचा करार संपुष्टात आणला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. अमेरिकेशी भारताचा असा द्विपक्षीय करार नव्हता. परंतु जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांची गुंतवणूक मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत झालेली असल्याने २००३ साली त्या कराराचा आधार घेऊन भारताविरुद्ध दावा दाखल झाला. कर्ज देणाऱ्या परदेशी बँकांनीही अन्य करारांखाली दावे केले. २००५ साली तडजोडी होऊन हे दावे मिटले आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

तडजोडीमुळे मूळ प्रश्नाचा निर्णय द्विपक्षीय करारांखाली झालाच नाही. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. गुंतवणूक-करारांच्या कसोटीवर प्रथम तपासले जाते ते शासनाचे नंतरचे वर्तन. खरेदीच्या प्रारंभी शासनानेच ढिलाई केली असेल तर तो दोष दाखवून सुटका करून घेणे कठीण जाते. दुसरे असे की, स्पर्धेवाचून मिळालेला करार कंपन्यांनाही स्थैर्य देऊ शकला नाही. हमी, प्रतिहमी, लवाद ही सर्व कवचे असूनही प्रकल्प बंद पडला. अंजनवेल, वेलदूर येथील ज्या ग्रामस्थांनी प्रकल्पास विरोध केला, त्यांना तर लवादात स्थानच नव्हते. जाहीर निविदेने जी थोडीफार प्रसिद्धी लाभते, तीही त्यांच्या वाट्यास आली नाही.

पुढील काळातील बदल याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वाचावयास हवेत. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ६३ व्या कलमाने पारदर्शक निविदांतून ठरलेल्या दरास मान्यता देण्याची व्यवस्था केली. २०१५ च्या भारताच्या नमुना गुंतवणूक-कराराने शासकीय खरेदी आपल्या कक्षेबाहेर ठेवली. उलटपक्षी २०२२ साली संयुक्त अरब अमिरातीशी आणि २०२५ साली ब्रिटनशी झालेल्या व्यापारी करारांत शासकीय खरेदीचे स्वतंत्र प्रकरण आले. परंतु त्यांची व्याप्ती केंद्रीय खात्यांपुरती व संस्थांपुरती आहे. राज्यांच्या संस्था त्यांबाहेर आहेत. म्हणजे १९९२ साली विद्युत मंडळाने जी खरेदी केली, तशी खरेदी आजही या प्रकरणांच्या कक्षेत येत नाही. राज्याच्या खरेदीतील शिस्त राखण्याचे उत्तरदायित्व अद्याप राज्याचेच आहे, आणि ती राखण्याची खरी वेळ पहिल्या स्वाक्षरीपूर्वीचीच होय.