चीनमधील शालेय वर्गात इंग्रजी संभाषणाचे अध्यापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भाषा प्रथम बोलली जाते व नंतर लिहिली जाते, हे भाषाविज्ञानातील सर्वमान्य तत्त्व आहे. परकीय भाषा शाळेत शिकविताना मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. चीनमध्ये या विपर्यासाला एक नावच आहे : ‘याबा यिंगयू’, म्हणजे मुके इंग्रजी. व्याकरणाचे प्रश्न अचूक सोडविणारा, शब्दांच्या लांबच लांब याद्या पाठ असणारा, परंतु समोरच्याने साधा प्रश्न विचारताच गप्प होणारा पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी या संज्ञेतून सूचित होतो.

या मौनाचे कारण पुष्कळदा चिनी स्वभावात, लाजाळूपणात किंवा कन्फ्यूशियसप्रणीत गुरुभक्तीत शोधले जाते. प्रस्तुत लेखात हे स्पष्टीकरण इतिहासाच्या कसोटीवर तपासून पाहिले आहे. वर्गातील मौन हे स्वभावापेक्षा राज्यसंस्थेने शाळेकडून काय मागितले आणि परीक्षेने काय मोजले यातून निर्माण झाले, अशी लेखाची मांडणी आहे.

1. शाळेबाहेरचे इंग्रजी

1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी कँटन (ग्वांगझोऊ) हे एकच बंदर खुले होते. परकीयांना चिनी भाषा शिकविण्यास चिंग राजवटीची बंदी होती. परिणामी भाषेचे ओझे चिनी दुकानदार, दलाल व नोकर यांच्यावर पडले आणि त्यातून ‘पिजिन इंग्रजी’ ही व्यापारी बोली रूढ झाली. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी चित्रलिपीत देणाऱ्या स्वस्त पुस्तिका बाजारात मिळत. कँटनी उच्चाराने ती चिन्हे वाचली की कानाला इंग्रजीसदृश शब्द ऐकू येई.

या बोलीची सुशिक्षितांनी पुढे थट्टा केली. तथापि एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते ते इंग्रजी बोलत होते, कारण बोलल्यावाचून त्यांचा व्यवहार चालत नव्हता. चिनी माणूस परभाषा बोलण्यास मुळातच संकोचतो, हा समज येथेच डळमळीत होतो.

2. दुभाष्यांची शाळा

1858 च्या तिएन्त्सिनच्या तहाने ब्रिटिशांशी होणाऱ्या व्यवहारात इंग्रजी मजकूर प्रमाण ठरला. पराभूत राजवटीला विश्वासू भाषांतरकारांची निकड भासली आणि 1862 मध्ये बीजिंग येथे ‘थोंगवेन ग्वान’ ही शाळा स्थापन झाली. पहिल्या वर्गात मांचू घराण्यांतील दहा मुले होती. शांघाय (1863) व ग्वांगझोऊ (1864) येथेही अशाच संस्था निघाल्या. 1869 पासून डब्ल्यू. ए. पी. मार्टिन हे बीजिंगच्या संस्थेचे प्रमुख होते. 1902 मध्ये ती राजकीय विद्यापीठात विलीन झाली.

या शाळांचे प्रयोजन लेखी होते. तह, खलिते व कायद्याचे ग्रंथ यांचे बिनचूक भाषांतर राज्याला हवे होते. शिवाय पारंपरिक पाठशाळेची पद्धत हाताशी होतीच. पाठांतराला चिनी भाषेत ‘बैशू’ म्हणतात. त्यातील ‘बै’ या चिन्हाचा एक अर्थ पाठ असा आहे. विद्यार्थी पुस्तकाकडे व गुरूकडे पाठ फिरवून धडा म्हणून दाखवी. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेतील घोकंपट्टीशी याचे साम्य सहज लक्षात येईल. या पद्धतीत आवाज होता, पण संवाद नव्हता.

याच्या उलट चित्र मिशनऱ्यांच्या शाळेत दिसते. 1839 मध्ये मकाव येथे सुरू झालेल्या मॉरिसन शाळेत शिकलेला यंग विंग 1854 मध्ये अमेरिकेतील येल महाविद्यालयाचा पदवीधर झाला. त्याच्याच प्रयत्नांनी 1872 ते 1875 या काळात 120 मुले अमेरिकेस पाठविण्यात आली. ती तेथील कुटुंबांत राहिली, सफाईने इंग्रजी बोलू लागली आणि त्याबरोबर तेथील चालीरीतीही उचलू लागली. 1881 मध्ये हा उपक्रम गुंडाळण्यात आला. अमेरिकेतील वाढता चिनीविरोध हे त्याचे एक कारण होते. मुले ‘आपली’ राहिली नाहीत, ही दरबारातील भीती हे दुसरे. भाषा हवी, पण ती बोलणारा माणूस बदलता कामा नये, हा पेच पुढील दीडशे वर्षे वारंवार डोके वर काढतो.

3. भारतीय क्रमिक पुस्तक शांघायमध्ये

1897 मध्ये शांघाय येथे स्थापन झालेल्या कमर्शियल प्रेसने पुढच्याच वर्षी इंग्रजीचे एक प्राथमिक पुस्तक काढले. ब्रिटिशांनी भारतीय शाळांसाठी तयार केलेल्या क्रमिक पुस्तकाला चिनी भाषांतर व टिपा जोडून ते सिद्ध केले होते. त्याचा खप मोठा झाला. वसाहतीतील मुलांसाठी रचलेली वाक्ये वसाहत नसलेल्या देशातील मुलांनी गिरविली, ही घटना आपल्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

1905 मध्ये प्राचीन राजकीय परीक्षा रद्द झाल्या आणि माध्यमिक शाळांत परकीय भाषेचे स्थान पक्के झाले. 1922 मध्ये झांग शियी यांनी प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. 1928 पासून लिन युतांग यांची ‘कायमिंग’ इंग्रजी वाचनमाला माध्यमिक शाळांत लोकप्रिय झाली. जिवंत, बोलीभाषेतील वाक्यांना तीत महत्त्व होते. मात्र याचा लाभ प्रामुख्याने शहरी व संपन्न वर्गापुरता राहिला.

4. राजकारण व वर्ग : 1949 ते 1976

1949 नंतर सोव्हिएत मैत्रीमुळे रशियन भाषेला अग्रक्रम मिळाला. रशियाशी संबंध बिघडल्यावर 1964 च्या सात वर्षांच्या आराखड्याने इंग्रजीला पहिल्या परकीय भाषेचे स्थान दिले. परंतु 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि इंग्रजीचे शिक्षक संशयित ठरले. जेथे विषय टिकला तेथे धडे बहुतांशी राजकीय घोषणांचे होते. घोषणा सामूहिक आवाजात म्हणता येते, तिला प्रत्युत्तर देता येत नाही.

1973 मध्ये हनान प्रांतातील एका ग्रामीण शाळेत घडलेली घटना या काळाचे भीषण रूप दाखविते. पंधरा वर्षांच्या एका मुलीने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर, आपण चिनी असताना परकीय अक्षरे कशासाठी शिकावीत, अशा आशयाच्या ओळी लिहिल्या. शाळेत तिची कानउघाडणी झाली व तिने जीव दिला. 1974 मध्ये च्यांग चिंगच्या गटाने या मृत्यूचे राजकीय भांडवल केले. शिक्षक व मुख्याध्यापक तुरुंगात गेले. त्या मुलीचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला. खेड्यातील मुलाने ही भाषा कोणाशी बोलायची, हा तो प्रश्न होय.

5. खुलेपणा आणि नवे प्रयोग

1978 नंतरच्या आर्थिक सुधारणांनी चित्र पालटले. 1979 पासून ग्वांगझोऊ येथे ली श्याओजू यांच्या नेतृत्वाखाली संभाषणप्रधान अभ्यासक्रमाचा विद्यापीठीय प्रयोग सुरू झाला. 1984 मध्ये त्यांनी या पद्धतीच्या समर्थनार्थ लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. 1982 मध्ये ‘फॉलो मी’ ही बीबीसीची मालिका चिनी दूरदर्शनवर आली आणि तिची निवेदिका कॅथी फ्लॉवर घरोघरी परिचित झाली. उद्यानांत ‘इंग्रजी कोपरे’ भरू लागले व अनोळखी माणसे एकमेकांशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागली. ली यांग यांच्या ‘क्रेझी इंग्लिश’ने तर मोठमोठ्या मैदानांत हजारो मुलांना ओरडून वाक्ये म्हणायला लावली. यातील भीड मोडण्याचा भाग खरा असला, तरी तेही सामूहिक पठणच होते.

शालेय स्तरावर 1990 च्या दशकाच्या प्रारंभी पीपल्स एज्युकेशन प्रेस व लाँगमन यांनी संयुक्तपणे नवी पाठ्यपुस्तके काढली. ली लेई व हान मेइमेइ ही त्यातील मुले एका संपूर्ण पिढीच्या आठवणीचा भाग झाली आहेत. धडे संवादरूप होते. परंतु पन्नास-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही, हे साधे गणित आहे. परिणामी संवादही पाठ केले जाऊ लागले.

6. परीक्षा आणि बोलणे

1977 मध्ये ‘गाओकाओ’ ही विद्यापीठ प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. 1983 पासून तीत इंग्रजीचे संपूर्ण गुण धरले जाऊ लागले. पुढे बहुतेक प्रांतांत 750 पैकी 150 गुण इंग्रजीला मिळाले, पण त्यांत बोलण्याला गुण नव्हते. 2001 च्या अभ्यासक्रमाने तिसरीपासून इंग्रजी आणले व संभाषणावर भर दिला, तरी अंतिम परीक्षा बहुतांश लेखीच राहिली. ज्याला गुण नाहीत त्याला वेळ देणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने चैन ठरते.

हे सूत्र उलट दिशेनेही खरे ठरते. ग्वांगडोंग प्रांताने 2011 मध्ये संगणकाधारित श्रवण-संभाषण चाचणी गाओकाओत समाविष्ट केली. बीजिंगमध्येही 2021 पासून श्रवण व संभाषण मिळून 50 गुण ठेवण्यात आले. अशा चाचणीची तयारी वर्गात शिरल्यावाचून राहत नाही. मात्र विद्यार्थी येथे बोलतो तो यंत्राशी. 2021 मध्येच ‘दुहेरी भारकपात’ धोरणाने खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध आले आणि परदेशात बसून चिनी मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांचे ऑनलाइन वर्गही बंद झाले. श्रीमंत-गरीब दरी कमी करणे हा एक हेतू होता. परंतु प्रत्यक्ष माणसाशी बोलण्याची एक वाटही त्यामुळे अरुंद झाली.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, चिनी विद्यार्थ्याचे मौन स्वभावजन्य नाही. कँटनचे दुकानदार व यंग विंगची मुले याची साक्ष देतात. दुसरी, अध्यापनपद्धती बदलली तरी वर्गाचा आकार व परीक्षेचे स्वरूप बदलल्याशिवाय संभाषण वर्गात रुजत नाही. तिसरी, संभाषणाला गुण देणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. ज्याच्याशी बोलावे असा माणूस आणि जे बोलावेसे वाटते असे काही, या दोन्हींची गरज असते.

महाराष्ट्राने 2000 मध्ये, म्हणजे चीनच्या एक वर्ष आधी, पहिलीपासून इंग्रजीचा निर्णय घेतला. ग्रामीण भागातून महाविद्यालयात येणारा आपला विद्यार्थी इंग्रजीचा तास आला की मान खाली घालतो, तेव्हा त्याला न्यूनगंड आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. चीनचा इतिहास आपल्याला अधिक अवघड प्रश्न विचारावयास लावतो. बारा वर्षांच्या शालेय जीवनात त्याला इंग्रजीत स्वतःचे असे एक वाक्य बोलण्याची संधी किती वेळा मिळाली? या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याने नव्हे, तर अभ्यासमंडळांनी, परीक्षा विभागांनी व आपण अध्यापकांनी द्यावयाचे आहे.