साक्षीदार कोण? जालन्याचं बियाणं आणि तपासणीचा इतिहास

आज आपण एका छोट्याशा चिठ्ठीबद्दल बोलणार आहोत. बियाण्याच्या पिशवीला शिवलेली ती चिठ्ठी. हा विषय जालन्यात मांडायला कारण आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको कंपनी सुरू केली आणि पुढं बियाणं हीच या शहराची ओळख झाली. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

पूर्वी शेतकरी घरचंच बी राखून ठेवी. ते कोणत्या शेतातलं, हे त्याला ठाऊक असे. संकरित वाण आले आणि बी दरवर्षी विकत घ्यावं लागलं. चांगलं बी आणि भेसळीचं बी, हातात घेतलं तर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणजे पेरणी आता दुसऱ्याच्या शब्दावर आली.

१९६६ च्या बियाणे कायद्यानं इथं दोन वाटा करून दिल्या. अधिसूचित वाणाच्या पिशवीवर उगवणशक्ती आणि शुद्धता लिहिणं सक्तीचं केलं. हे विधान कंपनी स्वतःच करते. त्याला आपण ‘सत्यदर्शक’ बियाणं म्हणतो. दुसरी वाट प्रमाणित बियाण्याची, आणि ती ऐच्छिक. तिथं बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा अधिकारी बीजोत्पादनाच्या शेतावर येतो, विलगीकरणाचं अंतर बघतो, भेसळीची झाडं काढायला लावतो. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि मग निळी खूणचिठ्ठी लागते. आपल्या राज्याची ही यंत्रणा अकोल्याला आहे.

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, म्हणून एक गोष्ट सांगतो. न्यायदर्शनात विश्वासू माणसाचा शब्द हे ज्ञानाचं एक साधन मानलं आहे. पण विश्वासू कुणाला म्हणायचं? ज्याला विषय माहीत आहे आणि खोटं बोलण्याचं ज्याला काही कारण नाही, त्याला. या दोन्ही अटी एकदम हव्यात. कंपनीला आपलं बी सगळ्यांत जास्त माहीत असतं, यात वाद नाही. दुसऱ्या अटीपाशी मात्र गाडी अडते.

ती जाहीरपणे अडली बीटी वांग्याच्या वेळी. शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारं हे वांगं महिकोचंच. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांतली एक आपल्या नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी या वांग्याला स्थगिती दिली. कारणं अनेक होती, पण एक आपल्या विषयाचं आहे: सुरक्षिततेच्या चाचण्या वांगं तयार करणाऱ्यांनीच केल्या किंवा करवून घेतल्या होत्या, स्वतंत्र प्रयोगशाळेनं नाही.

आता नीट बघा. यातून त्या चाचण्या खोट्या होत्या असं सिद्ध होत नाही. पुढं बांगलादेशनं २०१३ मध्ये याच तंत्राच्या वांग्याला परवानगी दिली आणि तिथले शेतकरी ते पिकवू लागले. दुसरी बाजूही तितकीच तपासली पाहिजे. कंपनीच्या आकडेवारीवर टीका करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ सेरालिनी यांचा अहवाल ग्रीनपीसनं करवून घेतला होता. म्हणजे दोन्हीकडचे साक्षीदार कुणी ना कुणी बोलावलेलेच! मधला, कुणाचाच नसलेला साक्षीदार उभा करायचं काम सरकारचं, विद्यापीठांचं. ते झालं नाही म्हणून प्रश्न सुटला नाही, नुसता थांबला.

सोयाबीन पेरण्याआधी आपल्याकडं शेतकरी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतात. आठवड्यानं कोंब मोजतात. सत्तर उगवले तर बी चालतं. या तपासणीला कुणाच्या शब्दाची गरज नाही. पण वांग्यातलं प्रथिन वर्षानुवर्षं पोटात जाऊन काय करतं, विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड किती, हे गोणपाटावर कळत नाही. तिथं प्रयोगशाळाच लागते.

तेव्हा कुठल्याही वस्तूवर ‘तपासलेली’ असा शिक्का दिसला, की दोन प्रश्न विचारावेत. तपासलं कुणी? आणि त्याचे पैसे कुणी दिले? उत्पादकांनी चाचणीचा खर्च जरूर द्यावा, पण तो एका सामाईक निधीत. आणि प्रयोगशाळा निवडण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसावा. एवढं झालं तरी त्या चिठ्ठीला साक्षीचं मोल येईल, असं आम्हांला वाटतं.