काचेवरील पोथी आणि प्रज्ञाचक्षू

माधानचे श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. तथापि इतरांकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी विपुल रचना केली. लोक त्यांस प्रज्ञाचक्षू म्हणत. परंतु ग्रंथ ऐकावयास दुसऱ्याचे डोळे लागतच.

ब्रेलच्या उठावदार ठिपक्यांनी ही परवशता पुष्कळ हलकी केली. १९५१ साली भारती ब्रेलने आपल्या भाषांना एक समान लिपी दिली. मग स्पर्शपडद्याचा फोन आला. त्याच्या गुळगुळीत काचेवर बोटांना उमगावे असे काहीच नव्हते. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आले आणि बोट टेकेल तेथील मजकूर फोन स्वतःच उच्चारू लागला. दोनदा टिचकी मारली की आज्ञा पाळू लागला. अँड्रॉइडच्या टॉकबॅकनेही पुढे हीच रीत स्वीकारली.

आज चोर्ला घाटाच्या वाटेवरील आमच्या जांबोटीतही अंध भाविकास असा फोन घेऊन मराठी पोथी एकट्याने ऐकता येईल. मात्र उत्सवपत्रिकेचे नुसते छायाचित्र धाडले, तर फोन बहुधा मुका राहतो. म्हणून देवस्थानांच्या कार्यवाहांस आमची विनंती आहे की, छायाचित्रासोबत तोच मजकूर टंकूनही धाडावा. पालखीची वेळ त्यांनाही स्वतः कळावी.